वरणगावच्या कापसाचा भाव वॉशिंग्टनच्या सहीने कसा हलतो? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचे अधिकार समजून घ्या

२७ ऑगस्ट २०२५. बुधवार, गणेश चतुर्थी.

खान्देशात हा दिवस जसा बाप्पाचा, तसा कापसाचाही. जळगाव जिल्ह्यात अनेक जिनिंगवाले चतुर्थीला काट्याची पूजा करतात आणि नव्या कापसाच्या खरेदीचा मुहूर्त करतात. मुहूर्ताचा भाव हौसेचा असतो, तो पुढे टिकत नाही, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. तरी पहिल्या गाडीला हार घातला जातो, फोटो निघतात आणि व्हॉट्सॲपवर फिरतात.

त्याच दिवशी अमेरिकेत भारतीय मालावरचा टॅरिफ २५ टक्क्यांवरून ५० टक्के झाला. त्याच्या ८ दिवस आधी, १९ ऑगस्टपासून, केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं होतं. ही माफी सुरुवातीला ३० सप्टेंबरपर्यंत होती. चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली.

या गोष्टी वेगवेगळ्या बातम्यांसारख्या आल्या आणि गेल्या. एक वॉशिंग्टनची, एक दिल्लीची, एक जळगावची. पण ती एकच साखळी आहे. तिचं एक टोक व्हाइट हाऊसमधल्या एका सहीला बांधलंय आणि दुसरं भुसावळ तालुक्यातल्या वरणगावसारख्या गावाला. महामार्गालगतच्या या गावाची ओळख बाहेरच्यांना तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे असते. सैन्याच्या रायफलीची काडतुसं इथे बनतात. शिवारात मात्र कापूस, मका, ज्वारी, केळी हाच संसार.

मग प्रश्न असा की, ज्याला इथल्या कुणी मत दिलं नाही आणि ज्याच्याकडे इथल्या कुणाला दाद मागता येत नाही, अशा माणसाच्या हातात इतकी सत्ता आली कुठून? आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती काढून घेतल्यावर खान्देशात काय बदललं?

आधी कापसाचा हिशोब

ट्रम्प यांनी भारतावर टॅरिफ लावला तो दोन हप्त्यांत. पहिले २५ टक्के ७ ऑगस्ट २०२५ पासून, 'रेसिप्रोकल' म्हणजे जशास तसं या नावाखाली. दुसरे २५ टक्के भारत रशियाकडून तेल घेतो म्हणून. हा आदेश ६ ऑगस्टचा, अंमल २१ दिवसांनी.

त्याच वेळी बांगलादेश आणि व्हिएतनामवर २० टक्के होता. तिरुपूरचा टी-शर्ट आणि ढाक्याचा टी-शर्ट न्यूयॉर्कच्या दुकानात शेजारी शेजारी लटकणार असतील, तर ५० आणि २० मधला फरक कुठलाही खरेदीदार बघणारच. भारताच्या कापड आणि तयार कपड्यांच्या निर्यातीतला चौथ्या हिश्श्याहून जास्त माल एकट्या अमेरिकेत जातो. सूतगिरण्या आणि गारमेंटवाल्यांचं म्हणणं साधं होतं. तिकडे टॅरिफ बसलाय, तर इकडे निदान कापूस तरी स्वस्त करा.

दिल्लीने ते ऐकलं. ११ टक्के शुल्क गेलं. हे शुल्क फेब्रुवारी २०२१ च्या बजेटमध्ये आलं होतं. ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी सेस आणि त्या दोन्हींवर अधिभार, असे मिळून ११.

आता हे ११ टक्के शेतकऱ्याच्या भाषेत किती होतात?

जिनिंगचा व्यापार खंडीत चालतो. एक खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ ते ३६ किलो रुई निघते, बाकीची सरकी. म्हणजे एका खंडीला जवळपास १० क्विंटल कापूस लागतो. समजा, परदेशी रुई बंदरात ५०,००० रुपये खंडीने उतरते. त्यावर ११ टक्के म्हणजे ५,५०० रुपये. शुल्क गेलं की परदेशी रुई खंडीमागे तेवढी स्वस्त. देशी रुईला तिच्याशी टक्कर द्यायची तर ते ५,५०० रुपये १० क्विंटल कापसावर पसरतात, म्हणजे क्विंटलला ५५० रुपये.

हा ढोबळ हिशोब आहे. सगळाच्या सगळा फटका शेतकऱ्यापर्यंत येतो असं नाही. काही जिनर सोसतो, काही व्यापारी. पण बाजारात सगळ्यात कमी ताकद ज्याची असते, त्याच्याकडे ओझं सरकतं, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली भरून जिनिंगच्या गेटवर उभा असलेला माणूस घासाघीस करण्याच्या स्थितीत नसतो. २० क्विंटल कापूस असणाऱ्या घराला क्विंटलमागे अर्धा फटका बसला तरी साडेपाच हजार गेले. तेवढ्यात फवारणीचा एखादा हात निघतो.

वेळही नेमकी खान्देशला नडणारी होती. विदर्भात बहुतेक कापूस पावसाच्या भरवशावर, जूनमध्ये पेरलेला. तापीच्या पट्ट्यात मात्र विहीर आणि ठिबकवाले शेतकरी मेच्या शेवटी पूर्वहंगामी लागवड करतात. त्यांची पहिली वेचणी सप्टेंबरमध्येच येते. सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची केंद्रं ऑक्टोबर उजाडल्याशिवाय उघडत नाहीत. शिवाय कापसात ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर केंद्रावर तो घेतलाच जात नाही, आणि पावसाळी हवेतली पहिली वेचणी ओलीच असते. मग उरते ती खेडा खरेदी. व्यापारी गावात येतो, हातात कापूस चुरगाळून बघतो आणि भाव सांगतो.

२०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये. हंगामाच्या सुरुवातीला खासगी खरेदीत त्याच्या खालीच सौदे होत होते. सीसीआयला द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, सातबारा, पीकपेरा आणि मग स्लॉटची वाट. तोवर कापूस घरात. ज्यांनी पलंगाशेजारी कापसाचा ढीग लावून दिवस काढलेत त्यांना माहीत आहे, अंगाला किती खाज सुटते.

सगळं खापर टॅरिफवर फोडणं मात्र चुकीचं ठरेल. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापूस आधीच पाऊंडाला ६५ सेंटच्या आसपास पडून होता. सप्टेंबरच्या पावसाने महाराष्ट्रात बोंडं सडली. पडत्या बाजारात टॅरिफने आणखी एक धक्का दिला, इतकंच म्हणता येईल.

एक तारीख तेवढी लक्षात ठेवण्यासारखी. ७ ऑगस्टला दिल्लीत पंतप्रधानांनी जाहीर केलं होतं की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमारांच्या हिताशी भारत तडजोड करणार नाही. कापसावरचं शुल्क माफ झालं त्यानंतर १२ व्या दिवशी. दूध आणि गहू-मक्याच्या बाबतीत सरकार अडून बसलं होतं, हेही खरं. पण अमेरिकेत फटका बसलेल्या गारमेंट उद्योगाला दिलासा द्यायचा तो सरकारी तिजोरीतून देता आला असता. तो कापूस उत्पादकाच्या खिशातून दिला गेला.

'आणीबाणी' म्हटलं की झालं?

अमेरिकेच्या राज्यघटनेत कर आणि जकात बसवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिलेलाच नाही. पहिल्याच अनुच्छेदात तो काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिलाय. (आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाशी याचा संबंध नाही, कमेंटमध्ये भांडू नका.) राजाने मनाला येईल तसा कर लावू नये, हाच तर ब्रिटिशांशी झालेल्या त्यांच्या भांडणाचा गाभा होता.

मग ट्रम्प यांनी एका सहीने अख्ख्या जगावर टॅरिफ कसा लावला? उत्तर १९७७ च्या एका कायद्यात आहे. नाव लांबलचक, आंतरराष्ट्रीय आणीबाणी आर्थिक अधिकार कायदा. यातली गंमत अशी की हा कायदा राष्ट्राध्यक्षाला आवर घालण्यासाठी आणला होता.

थोडं मागे जावं लागेल. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकेने शत्रूराष्ट्रांशी होणारा व्यापार रोखायला कायदा केला. पुढे राष्ट्राध्यक्ष तो शांततेच्या काळातही वापरत राहिले. १५ ऑगस्ट १९७१ ला रिचर्ड निक्सन यांनी आयातीवर १० टक्के अधिभार लावला. तो चारेक महिने टिकला. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा सरकारने याच जुन्या कायद्याचा आधार घेतला आणि १९७५ मध्ये अपील कोर्टाने तो मान्यही केला. व्हिएतनाम आणि वॉटरगेटने पोळलेल्या काँग्रेसला आता राष्ट्राध्यक्षांना दावणीला बांधायचं होतं. १९७६ मध्ये आणीबाणीचा कायदा आला, १९७७ मध्ये हा आर्थिक अधिकारांचा.

त्यात म्हटलंय की परदेशातून काही 'असाधारण' धोका आला, तर राष्ट्राध्यक्षाने आणीबाणी जाहीर करावी आणि मग त्याला मालमत्ता गोठवता येईल, व्यवहार रोखता येतील, आयातीचं 'नियमन' करता येईल. 'टॅरिफ' किंवा 'कर' हा शब्द त्यात कुठेही नाही. पुढची जवळपास ५० वर्षं कुठल्याही राष्ट्राध्यक्षाने या कायद्याखाली टॅरिफ लावला नाही. त्याचा वापर झाला तो निर्बंध घालायला, इराणवर, रशियावर, दहशतवादी संघटनांवर.

ट्रम्प यांनी 'आयातीचं नियमन' या शब्दांत टॅरिफ बसवला. व्यापारातली तूट ही आणीबाणी. फेंटानिल या ड्रगची तस्करी ही दुसरी. भारतावरच्या जास्तीच्या २५ टक्क्यांसाठी रशियाबाबत आधीपासून चालू असलेली आणीबाणी वापरली.

आपल्याकडे आणीबाणी म्हटलं की १९७५ आठवतं, २१ महिने, तुरुंग, सेन्सॉर. अमेरिकेत एकाच वेळी डझनावारी आणीबाण्या चालू असतात आणि लोकांना पत्ताही नसतो. सगळ्यात जुनी चालू आणीबाणी नोव्हेंबर १९७९ ची आहे, तेहरानमध्ये अमेरिकी कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं गेलं तेव्हाची. ओलीस १९८१ मध्ये सुटले. आणीबाणी दरवर्षी वाढवली जाते.

मग संसद ती रद्द का करत नाही?

इथे एका भारतीय वंशाच्या माणसाची गोष्ट येते. केनियात जन्मलेला जगदीश राय चढ्ढा ब्रिटिश पासपोर्टवर, १९६६ मध्ये अमेरिकेत शिकायला गेला. व्हिसा संपला, पण परत जायला देश नव्हता. इमिग्रेशनच्या न्यायाधीशाने त्याला राहू दिलं. तेव्हाच्या कायद्यात अशी सोय होती की संसदेचं एक सभागृह ठराव करून असा निर्णय फिरवू शकतं. १९७५ मध्ये सभागृहाने तेच केलं आणि चढ्ढाला देश सोडायला सांगितलं. चढ्ढा लढला. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की संसदेला काही फिरवायचं असेल तर रीतसर दोन्ही सभागृहांत मंजूर करून राष्ट्राध्यक्षाच्या सहीसाठी पाठवावं लागेल, नुसत्या ठरावाने चालणार नाही.

चढ्ढा वाचला, चांगलं झालं. पण त्याच निकालाने आणीबाणीच्या कायद्यातलं कुलूपही तुटलं. मूळ कायद्यात दोन्ही सभागृहांनी साधा ठराव केला की आणीबाणी संपत होती. निकालानंतर तसा ठराव राष्ट्राध्यक्षाकडे जाऊ लागला. आणि ज्याने आणीबाणी लावली तोच ती उठवण्याच्या ठरावावर सही कशाला करेल? तो व्हेटो वापरणार. व्हेटो मोडायला दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं हवीत, आणि तेवढी मतं मिळणं आजच्या अमेरिकेत जवळपास अशक्य आहे. २०१९ मध्ये मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांनी आणीबाणी लावली, संसदेने ती नाकारली, ट्रम्प यांनी व्हेटो केला आणि विषय संपला.

२०२५ मध्ये तर आणखी कमाल झाली. कायद्याप्रमाणे आणीबाणीविरोधी ठरावावर ठरावीक दिवसांत पुढची कार्यवाही व्हावी लागते. कॅनडा आणि मेक्सिकोवरच्या टॅरिफची आणीबाणी मतदानाला येऊ नये म्हणून कनिष्ठ सभागृहातल्या बहुमताने मार्चमध्ये एक नियमच करून घेतला, की या अधिवेशनाचे उरलेले दिवस त्या कामापुरते 'दिवस' म्हणून मोजायचे नाहीत. कॅलेंडरच थांबवलं म्हणा ना. ऑक्टोबरमध्ये सिनेटने ट्रम्प यांच्याच पक्षाच्या चार सदस्यांची मतं धरून जागतिक टॅरिफविरोधात ठराव मंजूर केला. त्याने टॅरिफवर काही फरक पडला नाही.

म्हणून 'ट्रम्प यांनी सत्ता बळकावली' हे वाक्य अर्धंच खरं आहे. बरीचशी सत्ता संसदेने वर्षानुवर्षं, दोन्ही पक्षांच्या राज्यात, स्वतःहून सोडून दिली होती.

हे पहिल्यांदा होत नाहीये

खान्देशचा कापूस आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष यांची गाठ याआधी एकदा पडलीय. तेव्हा फटका नाही, लॉटरी लागली होती.

१९ एप्रिल १८६१. अमेरिकेत यादवी पेटली होती. अब्राहम लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. संसदेचं अधिवेशन चालू नव्हतं. युद्ध घोषित करायचा अधिकार संसदेचा, आणि नाकेबंदी ही युद्धातली कृती. तरीही लिंकन यांनी ती स्वतःच्या अधिकारात केली आणि संसदेची मान्यता मागाहून घेतली. हा वादही सुप्रीम कोर्टात गेला. १८६३ मध्ये लिंकन ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकले. एक न्यायाधीश इकडचा तिकडे झाला असता तर निकाल उलटा होता.

त्या काळी ब्रिटनच्या गिरण्यांचा जवळपास ८० टक्के कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या कष्टातून यायचा. तो अडला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या आणि सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या. आमचा कापूस आखूड धाग्याचा, काडीकचरा असलेला, तरी त्याला काही पटींनी भाव आला. आगगाडी नुकतीच तापीच्या खोऱ्यात पोहोचली होती, त्यामुळे माल मुंबईच्या बंदरात जाणं सोपं झालं. जळगाव त्या काळात कापसाची मोठी पेठ बनलं. लोकांनी ज्वारी-बाजरीच्या रानात कापूस लावला. भेसळ इतकी वाढली की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातली फसवणूक रोखायला वेगळा कायदा करावा लागला. ओला कापूस, वजनाला माती, हे प्रकार तेव्हापासूनचे.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. बातमी मुंबईत पोहोचली आणि बाजार कोसळला. शेअर आणि जमीन-भरावाच्या कंपन्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली. जळगावच्या पेठेलाही जबर मार बसला. मुंबईच्या सटोडियांची नावं इतिहासात राहिली. चढ्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून कर्ज काढलेल्या खान्देशी कुणब्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

लिंकन गुलामगिरीवाल्यांचं बंड मोडत होते आणि ट्रम्प व्यापारातली तूट हीच आणीबाणी म्हणत होते, त्यामुळे दोघांना एका तराजूत तोलणं बरोबर नाही. पण दोन्ही वेळा संसदेला न विचारता काढलेल्या आदेशाने हजारो मैलांवरच्या शेतातलं गणित बदललं, आणि दोन्ही वेळा कोर्टाचा निकाल यायच्या आत बाजार आपलं काम करून मोकळा झाला होता.

कोर्टाने काय केलं?

ट्रम्प यांच्या टॅरिफविरोधात कोर्टात गेले ते छोटे व्यावसायिक आणि काही राज्यं. वाइन आयात करणारा, खेळणी विकणारा. २८ मे २०२५ ला न्यूयॉर्कच्या व्यापार न्यायालयाने टॅरिफ बेकायदा ठरवले. २९ ऑगस्टला अपील कोर्टाने ७ विरुद्ध ४ ने तेच म्हटलं. पण अपील चालू असेपर्यंत वसुली चालूच राहिली. ५ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली. तिथे व्यावसायिकांची बाजू मांडणारे वकील नील कट्याल हे भारतीय स्थलांतरितांचे चिरंजीव.

२० फेब्रुवारी २०२६ ला निकाल आला. ६ विरुद्ध ३. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताचा निकाल लिहिला. १९७७ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाला टॅरिफ लावण्याचा अधिकार दिलेला नाही, नियमन म्हणजे कर नव्हे. बहुमतात ट्रम्प यांनीच नेमलेले दोन न्यायाधीश होते, नील गॉरसच आणि एमी कोनी बॅरेट. तिसरे, ब्रेट कॅव्हनॉ, विरोधात राहिले.

इथवर वाचून वाटेल, चला, लोकशाहीचा विजय झाला. त्याच दिवशी ट्रम्प यांनी दुसरा कायदा काढला. १९७४ च्या व्यापार कायद्याचं कलम १२२, ज्यात १५ टक्क्यांपर्यंत आणि १५० दिवसांपर्यंत अधिभार लावता येतो. त्याखाली जगभरच्या मालावर १० टक्के, २४ फेब्रुवारीपासून. पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचे टॅरिफ आणखी वेगळ्या, १९६२ च्या कायद्याखालचे, त्यांना निकालाने हातही लावला नाही. एक दार बंद झालं तरी संसदेने उघडी ठेवलेली बाकीची दारं होतीच.

आपल्याकडे वेगळं आहे का?

थोडंच. आपल्या राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही. पण सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २५ खाली केंद्र सरकार 'लोकहितासाठी' नोटिफिकेशन काढून शुल्क माफ करू शकतं. कापसाचं ११ टक्के असंच गेलं. संसदेत मतदान झालं नाही. आणीबाणीच्या परिस्थितीत आयात शुल्क वाढवण्याचा अधिकारही आपल्या सरकारला कायद्याने आहे, फक्त ते नोटिफिकेशन नंतर संसदेपुढे मंजुरीला आणावं लागतं.

म्हणजे वरणगावच्या शेतकऱ्याच्या बाबतीत दोन सह्या झाल्या. पहिली ज्याची, त्याला त्याने निवडलेलं नाही. दुसरी ज्या सरकारची, त्याच्यासाठी तो मतदान करतो, पण तिथेही त्याच्या खासदाराला आधी विचारलं गेलं नाही.

पैसे परत कुणाला?

बेकायदा ठरलेला टॅरिफ भरला होता अमेरिकेतल्या आयातदारांनी. परताव्याचा हक्क सांगणार तेही तेच. सुप्रीम कोर्टाच्या निकालात परतावा कसा द्यायचा यावर काही नाही, तो भाग खालच्या कोर्टांवर आला. ज्या निर्यातदाराने ऑर्डर टिकवायला डिस्काउंट दिलं, त्याच्याकडे दावा करायला पावती नाही. ज्या शेतकऱ्याने सप्टेंबरमध्ये खेडा खरेदीत कापूस दिला, त्याच्याकडे तर काट्याची चिठ्ठीही असेलच असं नाही.

दरम्यान बाकीची गणितं पुढे सरकली. कापसावरचं ११ टक्के शुल्क १ जानेवारी २०२६ पासून परत आलं, तेव्हा पूर्वहंगामी कापसाच्या बऱ्याच वेचण्या होऊन गेल्या होत्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात भारत आणि अमेरिकेने अंतरिम व्यापार कराराची चौकट जाहीर केली. भारतावरचा दर १८ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली, रशियन तेलाचे जास्तीचे २५ टक्के निघाले. बदल्यात भारत ज्या अमेरिकी शेतमालावरचं शुल्क कमी किंवा रद्द करणार, त्या यादीत पशुखाद्यासाठीची लाल ज्वारी आहे, सोयाबीन तेल आहे आणि मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा डीडीजीएस नावाचा चोथाही. हा चोथा पशुखाद्यात आला की सोयाबीनच्या पेंडीची आणि मक्याची मागणी घटते. जळगाव जिल्ह्यात रब्बीत मका आणि ज्वारी किती असते, हे एकदा भुसावळहून वरणगावला एसटीने जाताना खिडकीतून बघावं.

त्यानंतर दोनच आठवड्यांत सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. ज्या टॅरिफच्या दबावाखाली ही बोलणी झाली, त्याचा पायाच बेकायदा निघाला. पण करारात देऊ केलेल्या सवलती त्या निकालाने आपोआप मागे येत नाहीत.

कलम १२२ चे १५० दिवस २४ जुलै २०२६ च्या आसपास भरतात. अमेरिकेच्या संसदेने मुदत वाढवली नाही तर तो टॅरिफ संपतो, किंवा त्याच्या जागी आणखी एखादं कलम येतं. खान्देशात पूर्वहंगामी कापसाचं बियाणं मेच्या अखेरीस जमिनीत जातं. कापूस लावायचा की मका, हे घराघरात त्याआधीच ठरवावं लागतं.